मास्तर चुकले तो चेंडू

मोहोळचे जोतीराम मास्तर शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले, पण अंपायरकीतून त्यांना कुणी रिटायर होऊ देईना. टेनिस बॉलची स्पर्धा म्हटली की सव्वीस वर्षं मास्तरांना बोलावणं ठरलेलं. त्यांचं बोट वर गेलं की भलेभले फलंदाज मुकाट बॅट काखेत मारून चालू लागायचे. याचा मास्तरांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. "बोट वर गेलं की गेलं. ते खाली यायची सोयच न्हाय," असं ते चारचौघांत सांगायचे.

लेक ऋतुजा लहान होती तेव्हा तिला बाजेवर उभी करून त्यांनी अंपायरच्या सगळ्या खुणा शिकवल्या होत्या. एक सोडून. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून खांद्यांना लावले की दिलेला निर्णय मागे घेतला, असा अर्थ होतो. "ही आपल्याला लागत न्हाय," म्हणून मास्तरांनी तेवढा धडा वगळला.

तीच ऋतुजा आता सोलापुरात क्रिकेटचे सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवते. यंदा स्पर्धेच्या मंडळानं टीव्हीवरच्यासारखा रिव्ह्यू आणायचा ठरवला. प्रत्येक संघाला एक संधी, रेषेवर एक कॅमेरा, आणि त्याचं चित्र लॅपटॉपवर बघून वॉकीटॉकीवर निकाल सांगायला ऋतुजा. ते चित्र तिच्याशिवाय कुणाला दिसणार नव्हतं.

फायनलला नेमके मोहोळ आणि सोलापूरची शुक्रवार पेठ समोरासमोर आले. पेठेचा कॅप्टन शाकीर टॉसलाच उखडला. "काय ओ मास्तर, अंपायर मोहोळचा आन् लॅपटॉपवर त्येची लेक! बापाला खोटं पाडंल व्हय ती? मग रिव्ह्यू घिऊन आमी करायचं काय?"

सव्वीस वर्षांत मास्तरांच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. त्यांची कानशिलं तापली. "येळ आली तर घे की रिव्ह्यू," ते म्हणाले. "माज्यावर भरवसा नसला तर नसू दे. तिच्यावर ठेव." मांडवात लॅपटॉपसमोर बसलेल्या ऋतुजानं सगळं ऐकलं आणि कानाला हेडफोन लावला.

वेळ आली, आणि आली ती अगदी शेवटी. पेठेची शेवटची जोडी खेळत होती, दोन चेंडू उरले होते आणि जिंकायला तीन धावा हव्या होत्या. शाकीरनं चेंडू ढकलला आणि मास्तरांच्या टोकाकडे जीव खाऊन पळाला. फेक आली, स्टंप उडाले, मोहोळची पोरं बोंबलली आणि मास्तरांचं बोट वर गेलं. मोहोळ जिंकलं! ढोल सुरू झाला.

शाकीरनं बॅटच्या दांड्यावर हात आडवा धरला. रिव्ह्यू.

ढोल थांबला. मास्तर स्टंपांपाशी उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांनी शाकीरची बॅट पाहिलीच नव्हती. रनआउटला अंपायरनं बाजूला धावून रेषेत उभं राहायचं असतं. हे त्यांनीच दहा जणांना शिकवलं होतं. पण आज गुडघा वेळेवर हलला नाही. स्टंपांचा आवाज आणि पोरांचा गलका ऐकून त्यांनी बोट वर केलं होतं.

पहिला विचार आला तो काही चांगला नव्हता. पोरीनं एक शब्द बोलावा, आउट. कप मोहोळला, नाव जिथल्या तिथं, कुणाला पत्ता नाही. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि दुसरीच भीती मनात शिरली. ती खरंच तसं बोलली तर? आपली मान वर राहावी म्हणून पोरगी खोटं बोलली, तर ती मान घेऊन जायचं कुठं? ती घरी त्यांना दादा म्हणायची. वॉकीटॉकीवर आता दादा अशी हाक आली तर ओळखायचं, पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "अंपायर," ऋतुजा म्हणाली. आवाज घरचा नव्हता. "बॅट रेषेच्या आत दोन बोटं टेकलेली आहे. बेल्स त्यानंतर पडल्यात. नॉट आउट. तुमचा निर्णय बदला."

मास्तरांनी दोन्ही हात छातीवर घेतले. सवय नव्हती, कुठला हात वर आणि कुठला खाली यात ते क्षणभर अडखळले. मग हात खांद्यांना लागले. मोहोळच्या बाजूनं शिव्या आल्या, पण मास्तरांना त्या ऐकू आल्या असतील असं वाटत नाही. सव्वीस वर्षांचं नाव पोरीनं चार वाक्यांत खाली उतरवलं होतं आणि त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

पुढच्याच चेंडूवर शाकीरच्या जोडीदारानं चौकार मारला. पेठेची पोरं मैदानात नाचू लागली. शाकीर मात्र कपाकडे न जाता आधी मांडवात गेला. "ताई, सकाळी लई वंगाळ बोललो मी. माफ करा."

"मी फक्त बघितलं ते सांगितलं," ऋतुजा म्हणाली आणि वायरी गुंडाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोळच्या स्टँडवर मास्तर नेहमीच्या हॉटेलात चहाला गेले. तिथं मोहोळ संघाचा मॅनेजर सयाजी टपूनच बसला होता. "काय मास्तर, काल चुकला म्हणं तुमी? हातातला कप गेला की गावाचा!"

मास्तरांनी बशीत चहा ओतला, सावकाश फुंकर घातली, एक घोट घेतला.

"व्हय, चुकलो. चांगला दोन बोटांनी चुकलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पर मला पकडलं कुणी, ते इचारा की!"