ओ द्यायची राहिली

दिल्लीच्या द्वारकेत त्या वर्षी माणसांपेक्षा रिकामे फ्लॅटच जास्त होते. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून अंबादास आणि वृंदा स्वतःच्या घरी राहायला आले, तेव्हा खिडकीतून नुसती धूळ आणि अर्धवट इमारती दिसायच्या. पण वृंदाने पहिल्याच श्रावणात देव्हाऱ्याशेजारी जिवतीचा कागद चिकटवला, आणि परक्या गावात आपल्याला देवीचा शेजार मिळाला म्हणून मनोमन हात जोडले.

त्याच श्रावणातल्या एका शुक्रवारी ती कहाणी वाचत असताना आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी हाक मारली. कहाणी अर्ध्यावर सोडू नये, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिने कहाणी पुरी केली, अक्षता वाहिल्या आणि मग आत गेली. तोवर सासूबाई गेल्या होत्या.

तेव्हापासून दुपारी घर निवांत झालं की आतून हाक यायची, "वृंदा, अगं..." ती धावत जायची, तर पलंगावरची चादर तशीच ताणलेली. छातीत धडधड, अन्नावरची वासना उडालेली. शेवटी अंबादासने तिला दोन सेक्टर पलीकडे अण्णासाहेबांकडे नेलं. ते फौजेतले निवृत्त डॉक्टर; घरातच दवाखाना चालवायचे, आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचे तेच घरचे डॉक्टर झाले होते.

"दिल्लीत ब्लडप्रेशर कुणाला नाही? तुम्हालाच नेमकं नाही," ते हसून म्हणाले. मग अंबादासला बाहेर बसवून त्यांनी दार लोटलं. "औषध नको यावर. बोला. जे असेल ते इथे ठेवा आणि घरी जा."

बिचाऱ्या वृंदाने तो शब्द अगदी खरा धरला. कहाणी ऐकणाऱ्याच्या हातावर अक्षता द्यायची तिच्या घरची रीत. तेव्हा पुढच्या शुक्रवारी ती पदराच्या गाठीत अक्षता बांधूनच गेली. अण्णासाहेबांनी हसण्यावारी नेलं नाही. त्या हातावर घेऊन मूठ मिटली, आणि तिने रडत रडत सगळं सांगेपर्यंत ते फक्त "हं" म्हणत राहिले.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. हाक थांबली ती थांबलीच. वृंदाने देवीपुढे साखर ठेवली.

"कानात बोळे घातलेस का?" काही दिवसांनी अंबादास तिच्या खांद्याशी येऊन म्हणाला. "सारी सोसायटी माझी हाक ऐकते, तूच तेवढी ऐकत नाहीस! ओ द्यायलाही आता सरकारी परवानगी लागते का?"

ती ओशाळून हसली. पण मग लहानगी अर्पितासुद्धा रुसून म्हणाली, "आई, तू मुझसे गुस्सा है? मी कधीची बोलावतेय." कुकरची शिट्टी ऐकू येई, भाजीवाल्याचं ओरडणं ऐकू येई. तिला मारलेली हाक तेवढी ऐकू येत नव्हती.

एका दुपारी अर्पिताला घरी निजवून ती अण्णासाहेबांकडे गेली. ते वाळले होते. तिची नाडी बघताना एकदम थबकले, बंद दाराकडे वळले आणि सुनेने सासूला द्यावी तशी हळू आवाजात ओ दिली, "ओ, आलेच."

वृंदाने वळून पाहिलं; दार बंदच होतं. "कुणाला, अण्णासाहेब?"

त्यांनी नजर चुकवली.

"माझं मला परत द्या," ती हात जोडून म्हणाली. "पाप माझं. तुम्ही का म्हणून सोसायचं? मी पुन्हा नाही झोपले तरी चालेल."

"झोप लागते ना? मग राहू दे. म्हातारा माणूस, मला कुठे लवकर झोप येते?" ते समजुतीने हसले. "आणि त्या काही वाईट बोलत नाहीत हो. नुसतं पाणी मागतात."

वृंदाने पदर तोंडाला लावला. फक्त पाणी मागत होत्या.

तिचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. एकाएकी त्यांची बोटं घट्ट झाली. मान तिरपी करून ते ऐकू लागले. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि दोन सेक्टरांचा रिकामा माळ.

"थांबा. ही हाक त्यांची नाही," ते म्हणाले. "ही 'वृंदा' नाही म्हणत. 'आई' म्हणतेय."

ती अनवाणीच धावत सुटली. कान टवकारून धावत होती, तरी पुढून काहीच ऐकू येईना, मागून तेवढा अण्णासाहेबांचा आवाज येत राहिला, अगदी आईच्या मायेने घाबराघुबरा झालेला, "आले गं बाळा, आले!"