मास्तरांच्या कमरेचं माप

मी मापाची टेप बोलतेय. शिंपीमास्तरांच्या गळ्यातली. आता माझे आकडे पुसट झालेत, पण एके काळी माझ्यावाचून दुकानातलं पान हलत नसे.

दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीशी मास्तरांचं मशीन, शेजारी त्यांच्या बायकोचं. ती काजं-बटणं करी. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत. किती कमरा मोजल्या मी! माप देताना माणसं हमखास पोट आत ओढतात. मास्तर हसून म्हणत, "साहेब, पँट तुम्हालाच घालायचीय, मला नाही."

स्वतःची कंबर मात्र त्यांनी कधी मोजली नाही. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तसे ते आपल्याच पँटची शिवण गुपचूप उसवून सैल करू लागले. मी त्यांच्या मानेवरच असायची. तिथली कातडी काळी, जाडसर होत चालली होती. "मळ असेल," म्हणत ते घासत बसत.

एक दिवस ती उसवलेली पँट काकूंच्या हाती लागली. त्यांनी मला मास्तरांच्या कमरेभोवती गुंडाळलं.

"श्वास सोडा."

"सोडलाय की."

"अहो, इतकी वर्षं संसार केला, तुमचा श्वास मला कळत नाही होय?"

मास्तरांनी श्वास सोडला, आणि मी काकूंच्या बोटांतून सरसर निसटले.

मग मास्तर हळूच म्हणाले, "वडिलांची नजर साखरेनंच गेली गं. शेवटी शेवटी त्यांच्या सुईत दोरा मी ओवून द्यायचो. माझेही डोळे गेले तर?"

"म्हणून बघायचंच नाही?" काकूंनी दुकानाची किल्ली उचलली. "उठा. चला."

डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, कंबर मोजली, रक्त तपासलं. "मानेवरचा हा मळ नाही, साखर बिघडू लागल्याची खूण आहे. या वयात नुसतं वजन बघून भागत नाही, मास्तर. पोटाभोवती चरबी साठली की मधुमेहाचा धोका वाढतो. त्यात तुमच्या वडिलांना होता. पण तुम्ही अजून उंबरठ्यावर आहात. मागे फिरता येईल."

त्या दिवसापासून दुकान बंद करून दोघं चालायला जाऊ लागली. बिनसाखरेच्या चहावर मास्तर रुसले, मग निवळले. अधूनमधून काकू माप घेत. एकदा आकडा फारच कमी आला. मास्तर हरखले, काकूंनी मात्र मला उलटसुलट करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली.

"जुनीच बरी होती की!" मास्तर कुरकुरले.

"बरी वाटणारच. ताणून ताणून लांबलीय ती, कमी दाखवते. कापड बिघडलं तर दुसरं आणू. तुम्ही बिघडलात तर कुठून आणू?"

पुढच्या तपासणीत साखर खरोखरच खाली आली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मी आता दाराआडच्या खिळ्याला असते. राग नाही. बाबांनो, एक वेळ आरसा टाळा, वजनकाटा टाळा. पण मायेच्या माणसाने माप मागितलं, तर मुकाट्याने हात वर करून उभे राहा.