झोपेची वीस मिनिटं

मेंदूवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेचा खुला दिवस वर्षातून एकदा यायचा आणि दरवर्षी झुंबड उडायची ती झोपेच्या खोलीपुढे. बाकीच्या दालनांत बघण्यासारखं नव्हतं असं नाही. एका टेबलावर प्लास्टिकचा मेंदू उघडून परत जुळवायला मिळायचा, पलीकडे काचेखाली खऱ्या मेंदूचे पापुद्र्याएवढे पातळ काप जांभळ्या रंगात भिजून पडलेले असायचे. पण वीस मिनिटं फुकट झोपायला मिळतं आणि वर आपल्या झोपेचा आलेख घरी नेता येतो, हे कळल्यावर माणसं दुसरीकडे कशाला फिरकतील?

त्या खोलीचा सगळा कारभार तारवालीच्या हाती. तिचं खरं पद चांगलं लांबलचक होतं, पण ते दारावरच्या पाटीखेरीज कुणाच्या तोंडी नव्हतं. सव्वीस वर्षं ती लोकांच्या डोक्याला तारा लावत आली होती. टेपने डोक्याची मापं घ्यायची, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, त्या जागा स्पिरिटच्या बोळ्याने घासायच्या आणि चिकट मलम लावून एकेक तार बसवायची. स्पिरिटने तिच्या बोटांची टोकं पार खरखरीत झाली होती.

यंदा साडेनऊच्या पहिल्या पाळीला दार उघडून आत आले ते तिचे बाबा. चांगले रांगेत उभे राहून, चारचौघांसारखा अर्ज भरून आलेले. डोळे लालबुंद, हातात संस्थेच्या माहितीपत्रकाची घडी.

"बाबा! तुम्ही इथं? सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस? रात्रभर जागलोय मी. यात लिहिलंय, जागरण झालेल्या माणसाला स्वप्न लवकर पडतं. खरं आहे ना? की लोक जमवायला काहीतरी आपलं ठोकून दिलंय?"

ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. तिने पलंगावरची चादर सरळ केली.

बाबांचं दुखणं तिला पाठ होतं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि या दीड वर्षात ती बाबांच्या स्वप्नात एकदाही आली नव्हती. बाकी सगळ्यांकडे जाऊन आली. लेकीकडे आली, शेजारणीकडे आली, आणि कहर म्हणजे मावशीकडे दोनदा आली.

"मावशीकडे!" पलंगावर बसता बसता बाबांनी पुन्हा सुरू केलं. "दोघी बहिणींचं जन्मात कधी पटलं नाही. तिच्याकडे दोनदा जायला बाईसाहेबांना सवड आहे. मी एकेचाळीस वर्षं संसार केला, तर माझ्याकडे ढुंकून बघत नाही." मग हसत म्हणाले, "रागावली असेल का गं?"

ते हसणं वरवरचं होतं. आई गेली त्या पहाटे बाबा तिच्या उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेले होते. जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. कुणी त्यांना चकार शब्दाने बोललं नाही, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला ते खात होतं. तारवालीने टेप उचलली.

बाबा जन्माचे शिंपी. टेप डोक्याला लागताच त्यांनी मान ताठ केली.

"सैल धरतेस. असं माप घेतलंस तर सदऱ्याचं पोतं होईल."

"सदरा नाही शिवत मी, बाबा."

"मग काय झालं? माप ते माप."

तिने टेप ताणली. त्यांच्या कानातली ऐकायची यंत्रं काढून वाटीत ठेवली, तारा बसवल्या, दिवा मंद केला आणि काचेपलीकडच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली. चार मिनिटांत बाबांचा डोळा लागला.

पडद्यावर बाबांचा मेंदू रेघांनी बोलू लागला. आधी गजबजलेल्या रेघा हळूहळू ऐसपैस झाल्या. बाहेरच्या पोरांचा गलका, त्यांच्या डोक्यावरच्या कागदी टोप्यांची सळसळ, ध्वनिक्षेपकावरच्या सूचना, सगळं कुठे तरी दूर, पाण्याखाली गेल्यासारखं झालं. ही शांतता तिला फार आवडायची. आत माणूस निजलेला आणि आपण त्याच्या झोपेच्या काठावर बसलेलो. पण आजवर काठावर बसून तिने कधी बापाची झोप पाहिली नव्हती.

पंधराव्या मिनिटाला रेघा बारीक आणि चपळ झाल्या, हनुवटीचे स्नायू सैल पडून त्यांची रेघ सपाट झाली. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळू लागली. स्वप्न सुरू झालं होतं.

आणि तेव्हा तिला एकदम आठवलं. आई रोज सकाळी बाबांना खांदा हलवून उठवायची. "अहो, उठा. काय पाहिलंत?" हा तिचा पहिला प्रश्न. बाबा अर्धवट झोपेत स्वप्न सांगायचे, आई तिथेच बसून शिवलेल्या कपड्यांना बटणं लावत ऐकायची आणि हसायची. आता बाबांना उठवणारं कुणी नव्हतं. स्वप्नातून मधेच उठवलं तरच ते हाती लागतं, नाही तर पुढच्या झोपेत विरघळून जातं, हे तारवाली हजार लोकांना सांगत आली होती. घरातल्या माणसाच्या बाबतीत मात्र तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आई रोज येत असेल! बाबाच तिला रोज हरवून बसत असतील.

आता उठवायचं कधी? स्वप्न पडतंय एवढंच यंत्र सांगत होतं, स्वप्नात कोण आहे ते नाही. लवकर उठवलं आणि आई अजून दारातच असली तर? उशीर केला आणि स्वप्न विरून गेलं तर? जागरणाची ही युक्ती या वयात पुन्हा पुन्हा झेपणार नव्हती.

दार किलकिलं झालं. जनसंपर्क विभागाच्या बाईंनी डोकं आत घातलं. त्यांचा सगळा जीव वेळापत्रकात.

"वीस मिनिटं झाली हं. बाहेर लोक ताटकळलेत."

"दोन मिनिटं."

"अहो, पहिल्याच पाळीला उशीर झाला तर दिवसभर निस्तरत बसावं लागेल."

"बसू निस्तरत," तारवाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. बाईंनी नाक मुरडलं आणि दार लावून घेतलं.

बाविसावं मिनिट. तेविसावं. बाबांच्या उजव्या हाताची बोटं हलली. चिमूट जुळली, जरा वर उचलली गेली आणि सैल पडली. सुईत ओवलेला दोरा कुणाला तरी द्यावा तशी. घरी बाबा दोरा ओवून द्यायचे आणि आई बटणं लावायची.

ती उठली. भोंग्यातून हाक मारून उपयोग नव्हता, कानातली यंत्रं वाटीत होती. आत जाऊन तिने बाबांचा खांदा धरला आणि हलवला. बाबांचे डोळे उघडले, पण नजर अजून इथे पोचली नव्हती. तिने यंत्रं त्यांच्या कानात बसवली आणि संस्थेत सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न विचारला, "आत्ता मनात काय चाललं होतं?"

"आली होती," बाबा म्हणाले.

नियमाप्रमाणे झोपलेल्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे असतात. तिने पेन धरलं. अर्ज पुढे ओढला.

"मी त्या खुर्चीत झोपलो होतो. दवाखान्यातल्या. ती पलंगावरून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी दोरा दिला तिला. मी म्हटलं, अगं, मला झोप लागली होती. तर म्हणाली, 'झोपलात तर झोपलात, काय पाहिलंत ते सांगा.' आणि खांदा हलवला माझा." बाबांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "हात तिचाच. बोटं अशी खरखरीत. एवढ्या वर्षांत हात ओळखू येणार नाही का मला?"

तारवालीने आपली बोटं मुठीत मिटली.

खांद्यावरचा हात कुणाचा हे तिला माहीत होतं. उठवताना झालेला स्पर्श विरत्या स्वप्नात शिरतो, म्हणून तर अर्जाच्या तळाशी एक चौकट असते: स्पर्श करून उठवलं का? हो, नाही. पण ते शब्द तिने उच्चारले नव्हते. ते कुठून आले हे सांगायला तिच्याकडे यंत्र नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने ती चौकट कोरी ठेवली.

"पुन्हा येईल का गं?" तारा निघेपर्यंत बाबांना धीर नव्हता.

"येईल. पण तुम्ही आपले आपण उठायचं नाही. रोज सकाळी कामावर यायच्या आधी मी येत जाईन उठवायला."

"तुला लांब पडेल."

"पडू दे."

बाबांनी आलेखाची नीट घडी घालून ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि दाराशी जाऊन मागे वळले.

"हात कोमट पाण्यात बुडवून ये हं. तुझे फार गार असतात. तिचेही असेच होते, पण उठवायला येताना ती बुडवून यायची."