बंदूक कोणावर होती

बालाघाट जिल्ह्यात, उकवा गावाच्या पुढं, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात संघमित्रा नऊ वर्षं नर्स होती. एका दुपारी तीन बंदूकवाले आत शिरले आणि औषधांचं कपाट उघड म्हणाले. तिनं नाही म्हटलं. तेव्हा त्यांच्यातल्या एकानं खाटेवर निजलेल्या, आदल्याच दिवशी बाळंत झालेल्या चंपाबाईच्या छातीवर नळी टेकवली. संघमित्रानं किल्ली दिली. सलाईन, इंजेक्शनं, पट्ट्या पोत्यात भरून ते निघून गेले. ठाण्यात फोन तिनंच केला, आणि गुन्हाही तिच्यावरच लागला: बंदी असलेल्या संघटनेला सरकारी औषधं पुरवली म्हणून.

बालाघाटच्या वकील अलकनंदाबाईंनी तिचा जबाब दोनदा वाचला. जिवाच्या भीतीनं केलेलं काम कायदा माफ करतो, पण मरण स्वतःचं आणि त्याच क्षणी समोर उभं असावं लागतं. दुसऱ्याच्या जिवासाठी ती सवलत नाही, असं त्यांनी समजावलं.

"बंदूक तुझ्यावर होती, एवढंच सांग. चंपाबाई काही वेगळं बोलणार नाही."

"हौ, माह्यासाठी खोटंही बोलन ते. पण मले नाही सांगायचं तसं," संघमित्रा म्हणाली. "बंदूक तिच्या छातीवर होती, मॅडम. तिचं मरण मी माह्या नावावर काहून लिहून घेऊ?"

नोकरी जाईल, तुरुंग होईल, हेही बाईंनी सांगून पाहिलं. ती हलली नाही.

कोर्टात सरकारी वकिलानं हिंदीतून विचारलं, बंदूक तुमच्यावर एकदा तरी रोखली होती का? नाही, ती म्हणाली. मागच्या दारानं पळता आलं असतं? आलं असतं, दार दोन पावलांवर होतं. वकील समाधानानं खाली बसायला लागला, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती सरळ न्यायाधीशांकडे वळली. मी पळाले असते तर आज पिंजऱ्यात नसते, पगारही चालू असता, फक्त चंपाबाई मेली असती. स्वतःचा जीव वाचवणाऱ्याला माफी आणि दुसऱ्याचा वाचवणाऱ्याला नाही, असं असेल तर शिक्षा द्या. किल्ली मी पुन्हा देईन.

न्यायाधीशांनी ते शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावलं. अलकनंदाबाईंनी तयार करून आणलेले कागद बाजूला सारले आणि दुसरंच कलम धरलं: वाईट हेतू नसताना, मोठी हानी टाळायला केलेलं काम गुन्हा ठरत नाही. त्या तासभर बोलल्या.

पाच आठवड्यांनी निकाल आला. जिवाच्या भीतीचा बचाव आरोपीला लागू नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या कलमाखाली मात्र तिला निर्दोष सोडलं.

खात्यानं तिला कामावर घेतलं, पण जंगलात धोका म्हणून शहरातल्या दवाखान्यात. ती ऑर्डर घेऊन थेट साहेबासमोर गेली आणि आपलं उपकेंद्र परत मागितलं. साहेबानं कारण विचारलं.

"तिथल्या चार जणींचे बाळंतपणाचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली, आणि सही होईपर्यंत तिथंच उभी राहिली.