दाराजवळचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. हल्ली माझा मुक्काम एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात असतो. माझा जन्म मात्र समोरच्या गल्लीतल्या सुतारखान्यात झाला. तिथेच एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचाही जन्म झाला.

त्या वेळी मंडळीला स्वतःचे छप्पर नव्हते. सुतार, त्याची बायको, शिवणकाम करणारी एक विधवा आणि लॉन्ड्रीत राबणारे दोघे भाऊ रविवारी रंधे बाजूला सारून प्रार्थना करत. मोठ्या चर्चमध्ये त्यांना कुणी हाकलले नव्हते. फक्त ‘बसा’ असे कुणी म्हटले नव्हते. म्हणून पुढे दोन खोल्यांची वास्तू उभी राहिली, तेव्हा सुताराने सर्वांत आधी मला घडवले आणि दाराशी ठेवले. नियम एकच होता. या बाकावर सभासदांनी बसायचे नाही. नव्याने येणाऱ्यासाठी तो मोकळा ठेवायचा. गर्दी झाली तर सभासद जमिनीवर बसत.

माझ्यावर दारुडे बसले, परीक्षेत नापास झालेली पोरे बसली, पावसाला कंटाळलेला एक टपालवालाही बसला. काही जण पुढे सभासद झाले आणि पुढच्या बाकांवर गेले. माझे काम ते एवढेच.

सुतार गेल्यावर त्याच्या मुलीने माझी देखभाल हाती घेतली. सगळे तिला ताई म्हणत. तिने मला पॉलिश केले, मखमली गादी शिवली, दोन्ही टोकांना निळी दोरी बांधली आणि ‘पाहुण्यांसाठी राखीव’ अशी पाटी लावली. बाहेरगावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले की ती दोरी सोडायची.

पेटी वाजवणारी तिची भाची एकदा म्हणाली, “आत्या, हा बाक आहे की सिंहासन?”

“तुझ्या आजोबांच्या हातचा आहे. जपायला नको?”

एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर एक बाई आत आली. हातात थर्मास आणि डबा होता, डोळे जागरणाने सुजलेले. तिने दोरी उचलली आणि माझ्यावर बसली.

ताई लगबगीने आली. “अहो बाई, इथे नका बसू. ही जागा पाहुण्यांची आहे.”

“मग कुठे बसू?”

“जरा उभ्या राहा. कुणी सरकलं तर बघू.”

कुणी सरकले नाही. पहिले गीत संपायच्या आत ती निघून गेली.

उपासनेनंतर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारले, “आज कुणी नवीन आलं होतं का?”

“नाही,” ताई म्हणाली. “बाक रिकामाच होता.”

भाची पेटी झाकत होती. ती हळूच म्हणाली, “आत्या, ती बाई नवीनच होती ना?”

ताईला तो थर्मास, तो डबा आठवला. चपला घालून ती तडक समोरच्या दवाखान्यात गेली. पहारेकऱ्याने पेशंटचे नाव विचारले. ताईला ते ठाऊक नव्हते. बाईचेही नाव तिने विचारले नव्हते. बाई सापडली नाही. व्हरांड्यात नातेवाईक भिंतीला टेकून उभे होते, काही फरशीवर झोपले होते. बसायला एक स्टूलही नव्हते.

पुढच्या रविवारी ताईने सगळ्यांसमोर घडलेले सांगितले आणि मला दवाखान्यात द्यायचे ठरवले. लॉन्ड्रीवाल्या भावांपैकी धाकटा आता बराच म्हातारा झाला होता. तो म्हणाला, “ताई, वडिलांची आठवण आहे ती. तिथे लोक त्याच्यावर नावं कोरतील.”

“कोरू देत, काका. आपण तर नाव विचारलंही नाही.”

तसा मी इथे आलो. गादी राहिली नाही, पॉलिश उडाले, एका हातावर कुणीतरी खिळ्याने खरोखरच नाव कोरले आहे. रात्रपाळीचे जावई आणि बाळंतिणींच्या आया माझ्यावर बसल्या-बसल्या डुलक्या काढतात.

दर रविवारी उपासना आटोपून ताई येते. व्हरांड्यातल्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखते. परवा एका मुलीने सरकून जागा केली. “आजी, बसा ना. केव्हाच्या उभ्या आहात.”

“असू दे बाळा. तूच बस,” ताई म्हणाली आणि भिंतीशी उभी राहिली.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण थकलेले कुणी दाराशी दिसले, तर त्याला आधी बसू द्या. ताई अजून उभीच आहे.