जागा धरायला बसलेले

एक ग्रह जिंकला की आमच्या जहाजावरचं जेवणघर लांबतं. एका सकाळी वाळूक शरण आला. मी तुपाचं भांडं घेऊन कुंभज ग्रहाच्या लोकांपर्यंत पोचले होते, तोच समोरची भिंत मागे सरकली, जमिनीवर नवी पट्टी पसरत गेली आणि तिच्यावर वाळूकची माणसं ओळीने मांडी घालून बसली. त्यांच्यापुढे केळीची पानं होती, पानांवर मीठ होतं, भाताच्या मुदी होत्या, मुदींवर वरण होतं. तूप नव्हतं. तूप वाढायचं काम माझ्याकडे आहे.

हे युद्ध आकाशगंगेतली सगळी मानवजात एक करण्यासाठी चाललंय. एक करायची म्हणजे एका पंगतीला बसवायची, असं सरनोबतांनी युद्ध सुरू होतानाच ठरवलं. शेवटच्या माणसाच्या भातावर तूप पडलं की ते ‘सावकाश होऊ द्या’ म्हणणार, सगळे एकदम पहिला घास घेणार आणि युद्ध संपणार. ऐकायला बरं वाटतं. वाढायला या म्हणावं एकदा.

पद्धत सरळ आहे. ग्रहाला आधी अक्षत जाते. लोक आले तर ठीक. ‘आमचं जेवण झालंय’ म्हणाले तर आग्रह होतो. आग्रहाची जहाजं वेगळी असतात, काळी आणि लांबुडकी. वाळूकला बराच आग्रह झाला. उरले ते जेवायला आले. त्यांच्यातल्या एका बाईच्या केसांत अजून राख होती आणि ती मला विचारत होती की मठ्ठा आहे का. मी म्हटलं, मागून येतोय. मागून येतंय हे मी सगळ्यांनाच सांगते.

तोवर भांड्यातलं तूप गोठलं होतं. जेवणघराच्या दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, खिडक्यांबाहेर तारे आहेत, आणि एवढ्या ताऱ्यांची ऊब म्हणाल तर कणभरही आत येत नाही. तूप गोठलं की मागे फिरायचं, स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं, भांडं शेगडीवर धरायचं आणि पुन्हा निघायचं. माझ्या उभ्या आयुष्यात तूप पंगतीच्या शेवटापर्यंत पातळ राहिलेलं नाही. हे मी सगळ्यांना सांगून थकले.

आमचे हे पंगतीत बसायचेच नव्हते. ते जहाजावरचे दिवे दुरुस्त करतात. एकदा खांद्यावर शिडी घेऊन जेवणघरातून चालले होते, तर हिरव्या टोपीचा एक माणूस पानावरून उठला आणि म्हणाला, जरा जागा धरता का, हात धुऊन आलोच. पंगतीत मोकळी जागा ठेवता येत नाही. दुसरा कोणीही ‘घाईत आहे’ म्हणून निघून गेला असता. आमच्या ह्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. लोक त्याला भिडस्त स्वभाव म्हणतात, मी दुसरं काही म्हणते. त्यांनी शिडी बाजूच्या भिंतीला टेकवली आणि ते तिच्याखाली बसले. त्याच क्षणी कुठलासा मोठा ग्रह शरण आला, समोरची भिंत लांब गेली आणि भिंतीवरचा नळ तिच्यासोबत गेला. टोपीवालाही गेला.

बसलेल्याच्या जागी दुसरा बसला तर पहिल्याला उठता येतं. पण तेही पहिला घास घेईपर्यंतच. एकदा घास घेतला की जो जिथे बसला तो तिथला. म्हणून तूप शेवटाला पोचायच्या आत मला तो टोपीवाला हवा होता. प्रत्येक फेरीला मी एक डोळा पानांवर ठेवायचे आणि एक डोळा हिरव्या टोप्यांवर.

पुढच्या एका फेरीला मी ह्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांचा उजवा गुडघा शेजारच्या म्हातारबांच्या गुडघ्याला चिकटला होता. आधी कापड चिकटलं होतं, मग कातडी. शिवण कुठेच दिसत नव्हती. मी बोटावर तूप घेऊन लावून पाहिलं. निघालं नाही.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही गं. ह्यांच्या गावची नदी आठवते.”

मी म्हटलं, आठवू नका. तुम्ही कधी नदी पाहिलेली नाही. ते म्हणाले, हो, तेही खरंच. आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून बसून राहिले. विचारात पडले की ते असं करतात.

तशीच तरातरा मी सरनोबतांकडे गेले. सरनोबत पंगतीच्या पहिल्या पाटावर बसतात आणि तिथूनच युद्ध चालवतात. त्यांच्याही पानावरचं मीठ तसंच होतं. मी म्हटलं, एकदा तरी तूप शेवटपर्यंत जाऊ द्या, तोवर नवा ग्रह आणू नका.

“बाहेर एक जरी माणूस उरला आणि आपण जेवलो, तर सगळं युद्ध फुकट गेलं, बाई.”

“आणि आत बसलेल्यांचं काय?”

“त्यांची काही तक्रार आहे का?”

मी वळून पंगतीकडे पाहिलं. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. मान एकदमच हलली. दूरवर कुठेतरी शिडीखालची मानही हलली असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडं तापवायला जायचं होतं.

त्यानंतर ग्रह भराभर यायला लागले. काहींना आग्रहही करावा लागला नाही. जागा मात्र कमी होत गेली. जेवणघर लांबायचं, पण माणसं इतकी दाटीने बसायची की दोन पानांच्या मधून पाय टाकायलाही वाव उरला नाही. मी पानांच्या कडेकडेने, साडी सावरत, तिरपी चालायला लागले. पट्टीवर आता गुडघ्यांची एकच लांब रांग होती. एका जागी कोणी खाजवलं की पुढचा अख्खा ग्रह चुळबुळ करायचा.

वाळूकच्या त्या राखेच्या केसांच्या बाईपाशी मी वाकले, तर ती हळूच म्हणाली, “अगं, तुझा पाय सुजलाय. जरा टेक.”

माझा डावा पाय सुजतो हे फक्त आमच्या ह्यांना ठाऊक आहे. मी ते कोणाला सांगत नाही, कारण सांगून काय होतं. त्या बाईने डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला होता. मला तिथेच रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. माझं माणूस असं परस्पर वाटून टाकायला मी कोणाला परवानगी दिली होती? मी तिला म्हटलं, मठ्ठा मागून येतोय.

मग ग्रह संपले. आग्रहाच्या जहाजांवरचे शिपाई उतरले आणि बसले. भात वाढणारे बसले, वरण वाढणारे बसले, स्वयंपाकी शेगडी पेटती ठेवून बसले. सरनोबतांनी मला बोलावून घेतलं. एवढं सगळं झालं आणि तरी एक माणूस कमी भरतोय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला माहीत आहे कोण ते. हात धुवायला गेलाय. सरनोबत म्हणाले, आग्रहाचं जहाज चालवायला आता कोणी उरलेलं नाही, तुम्हीच जा, आणि आला नाही तर आग्रह करा. मी तूप तापवलं आणि निघाले.

तो शेवटच्या भिंतीपाशी, नळासमोर उभा होता. टोपी हिरवीच होती. दोन्ही हात त्याने पुढे धरले होते आणि बोटांवरून पाणी टपकत होतं.

“हात पुसायला काही आहे का?” त्याने विचारलं.

म्हणजे तो टॉवेलसाठी थांबला होता. ओले हात घेऊन पंगतीतून गेलं तर लोकांच्या पानांवर पाणी पडतं, बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. मी पदर पुढे केला. त्याने एकेक बोट वेगळं पुसलं, आभार मानले आणि माझ्यामागून चालायला लागला. जेवणघर एवढं लांब नव्हतं हो, असं तो वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी शिडी शोधत होते.

शिडी होती तिथेच, भिंतीला टेकलेली. तिच्याखाली माणसंही होती. पण एक गुडघा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं, आणि सगळ्यांचे अंगठे मुठीत होते. ह्यांतले आमचे हे कोणते, ते मला कळेना.

“माझी जागा कुठली?” टोपीवाल्याने विचारलं.

“मी फक्त जागा धरायला बसलोय,” पंगत म्हणाली. शिडीखाली म्हणाली, कुंभज म्हणाला, सरनोबतही म्हणाले. वाळूकचा आवाज पोचायला थोडा वेळ लागला.

आमच्या घरात नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. लग्नाच्या पंगतीत घास भरवताना उखाण्यात एकदा नाव घेतलं होतं तेवढंच, तेही घाईत, लोक हसत असताना. आता माझा नाइलाज होता. मी शिडीला धरून मोठ्याने म्हटलं, “मुरलीधर.”

कोणी हललं नाही. मी पुन्हा म्हटलं. टोपीवाल्याने मला विचारलं, हे कोण? किती वर्षं मी हे नाव जपून ठेवलं होतं, आणि त्याला ओ द्यायला तिथे कोणीच नव्हतं. मग वैतागाने, रोजच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं, “अहो.”

सगळ्या पंगतीने मान वर केली. पहिल्या पाटापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि ते पाहणं मला ओळखीचं होतं. मग सगळेच थोडे थोडे सरकले. शिडीखाली जागा झाली. एकाची नाही, दोघांची झाली.

टोपीवाला लगेच बसला. दुसऱ्या पानावर मीठ वाढलेलं होतं, भाताची मूद होती.

“बस ना गं,” सगळे म्हणाले.

तुपाचं भांडं माझ्या हातात होतं, आणि वाढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.