मिठाचा बर्फ आणि माझे पितळी दात

मित्रांनो, मी करंज्या कातण्याचे एक जुने पितळी कातणे आहे, आणि एका बहीणभावाचा सहा वर्षांचा अबोला मी मोडला. यातला शेवटचा भाग तुम्ही वाचलाच नाही असे धरून चला. कोणी कोणाशी बोललेले नाही. अबोला जागच्या जागी आहे, आणि मी अजून कल्याणच्या एका तांबटाच्या ऐरणीवर जन्माला यायचा आहे.

तर जन्मलो. एका टोकाला दातेरी चाक, दुसऱ्या टोकाला सारणाचा चपटा चमचा आणि मध्ये वळणदार दांडा असे माझे रूप. चाकाला वीस दात हवेत. तांबटाची कानस जरा जोरात चालली आणि अकरावा दात गेला. गोल चाकावर अकरावा कुठून मोजायचा, असे कृपया विचारू नये. मी मोजतो तिथून तो अकरावाच येतो. ज्या माउलीने मला घेतले तिच्या हे घरी गेल्यावर लक्षात आले, पण तिने मला परत केले नाही. ती माणसे परत करत नसे, मग कातणे कुठून करणार?

त्या दाताच्या खिंडीमुळे प्रत्येक करंजीच्या कडेला एक जागा सपाट राही, आणि बरेचदा तिथून ती तुपात उकले. उकललेली करंजी धाकट्या बाळला, आख्खी थोरल्या गोदाला, हा त्या घरचा कायदा. उकललेली आधी मिळते म्हणून गोदा रडे, आणि आख्खी मिळत नाही म्हणून बाळ. पंधरा-वीस दिवाळ्या माझ्या अशा कौतुकात गेल्या. आळीतल्या बायका माझी कड पाहायला येत. मी दिवाळीपुरता बाहेर निघे आणि उरलेले वर्ष कोनाड्यात मानाने झोपून काढी.

मग माउली गेली. तेराव्यानंतर घरातली भांडी वाटली गेली. हंडा, घागर, परात, कशावरून कोणी ब्र काढला नाही. भांडण झाले ते माझ्यावरून. गोदा म्हणाली, आईबरोबर करंज्या मी केल्या, कातणे माझे. बाळ म्हणाला, आईच्या करंज्या मी खाल्ल्या, कातणे घरचे. मला दोघांचेही पटत होते, पण कातण्याची साक्ष कोण काढतो? गोदाने मला कनवटीला खोचले आणि आगगाडीत बसून सासरी ठाण्याला नेले. त्या दिवसापासून अबोला.

साधासुधा अबोला नव्हे. आप्तांकडच्या एका मुंजीत दोघे समोरासमोर आली, तेव्हा बाळने मांडवाच्या खांबाला सांगितले की तुझ्या बहिणीला म्हणावे, पंगत बसली आहे. गोदाने त्याच खांबाला उत्तर दिले की तुझ्या भावाला म्हणावे, दिसते आहे. खांब बिचारा मुंज होईपर्यंत उभाच होता.

बाळ आता बाळाजीपंत झाला होता. कल्याण स्टेशनात पार्सलांचा कारकून, आणि गोऱ्या साहेबांच्या ओळखीचा माणूस. त्याच्या दिवाणखान्याच्या फळीवर नाताळातल्या विलायती शुभेच्छांच्या कार्डांची रांग असे. कड सोनेरी, दातेरी, चित्र परदेशी. चार आण्यांना एक, मुंबईत फोर्टातल्या दुकानात मिळे. त्यातली निम्मी त्याने स्वतःच विकत आणून स्वतःलाच पाठवली होती असे अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे गोदाचे यजमान, मराठी शाळेतले पंतोजी. मेहुण्यांशी बाळचे बोलणे चालू होते, पण बहिणीचा विषय निघाला की तो मालगाड्यांवर बोलू लागे. गोदाने दोन संक्रांतींना पत्र पाठवून पाहिले. दोन्ही पत्रे 'घेणारा नाकारतो' असा शेरा घेऊन न फोडता परत आली.

मित्रांनो, माझा संताप इथून सुरू होतो. दुकानातले कार्ड वाईट असते असे मी म्हणत नाही. पण अनोळखी कारखान्याने हजारांना एकदम छापलेली माया मखरात बसवायची, आणि सख्ख्या बहिणीचे अक्षर दारातून परत लावायचे, याला माझ्यासारख्या पितळेने काय म्हणावे?

मग पौषात बातमी आली की संक्रांत झाली की बाळची बदली भुसावळला. गोदाने त्या दिवशी भाकरी दोनदा करपवली. आतापर्यंत भाऊ बोलत नव्हता तरी कल्याणात होता, तासाभराच्या वाटेवर. भुसावळला गेलेला माणूस बोलत नसला की तो नसल्यातच जमा. ती अण्णांना म्हणाली, की तो विलायती कार्ड तेवढे घेतो ना, मग विलायतीच पाठवू. अण्णांच्या पगारात फोर्टातले दुकान बसत नव्हते. म्हणून या पापभीरू पंतोजींनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची चोरी केली. कल्याणला गेले आणि मेहुण्याच्या फळीवरचे एक कार्ड नमुन्यादाखल बाराबंदीत घालून आणले.

चित्रात सगळीकडे पांढरेशुभ्र काहीतरी पसरलेले आणि त्यावर लाल छातीचा एक इवलासा पक्षी. पांढरे काय असावे यावर घरात मतभेद पडले. अण्णा म्हणाले, बर्फ. पण बर्फ त्यांनीही फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. तेवढ्यात कळव्याच्या मिठागरावरची सखुबाई दारावर मीठ घेऊन आली. तिने चित्र नीट पाहिले.

"बाय गो, हा त आमचा मिठागर हाय," ती म्हणाली. "पाखरू येडा हाय, तिथं बसलाय. त्याला खायला चिंबोरी न्हाय गावाची."

गोदाने सुपातले मीठ पाहिले, चित्र पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. मी कोनाड्यातून पाहत होतो. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

कार्ड करायला घेतले. गेल्या सालच्या पंचांगाचा पुठ्ठा, त्यावर अण्णांच्या शाळेतला जाड कोरा कागद, चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ. पक्ष्याची छाती कुंकवाची, पाठ काजळाची, चोच हळदीची. आभाळाला धुण्याची नीळ पाण्यात कालवून. मग खळीचा हात देऊन त्यावर बारीक कुटलेले मीठ भुरभुरवले. खोटे कशाला बोलू, चमकत होते. विलायतेतला बर्फ त्यापुढे मळकट वाटावा असे चमकत होते.

राहिली दातेरी कड. गोदाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मला उचलले.

मित्रांनो, कागदावर! जो मी साजूक तुपातल्या पारीवरून फिरलो, खसखस आणि वेलदोड्याच्या वासात वाढलो, त्याला पंचांगाच्या पुठ्ठ्यावरून चारही बाजूंनी फिरवले. अमावस्या, पौर्णिमा, ग्रहणे, सगळी माझ्या दाताखालून गेली. प्रत्येक दात बोथट झाला. आणि वर अण्णा म्हणतात, "वा, अगदी यंत्राने कापल्यासारखे." यंत्राने! मी काय मग वांगे आहे?

मागे गोदाने 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढेच लिहिले. नाव घातले नाही, आणि पत्ता अण्णांनी घातला, म्हणजे पाकीट परत फिरायला नको. चिमूटभर तिळगूळ घालावा असे तिच्या मनात होते, पण अण्णा म्हणाले की मुंग्यांनी टपालाची थैली खाल्ली तर सरकार आपल्याला धरेल. पाकीट गेले. आणि ते गेल्यावर दोन दिवसांनी, तुळशीपाशी दिवा लावताना, गोदाला एकदम आठवले.

मीठ कधी कोणाच्या हातावर देऊ नये, भांडण होते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर सखुबाईही सुपातूनच घालते. आणि आपण रुसलेल्या भावाला, तेही गोड बोलायच्या सणाला, पाकीटभर मीठ पाठवले. अण्णांनी समजूत घातली की मीठ आपण हातात दिलेच नाही, ते टपालवाल्याने दिले, तेव्हा झालेच तर भांडण बाळ आणि टपालवाला यांच्यात होईल. हा युक्तिवाद पंतोजींना शोभणारा होता. गोदाने तरी रात्रीचे जेवण केले नाही.

तिकडे कल्याणात काय झाले हे मी नंतर खुद्द बाळच्या तोंडून ऐकले. ऐकणे भागच होते, तो ओरडून सांगत होता. गणू टपालवाल्याने पाकीट दिले. बाळने ते कचेरीत चारचौघांत फोडले आणि हे थेट लंडनचे आहे, बर्फ पाहा कसा खरा वाटतो, असे सांगत, मागची मराठी ओळ अंगठ्याखाली दाबून फिरवले. एका कारकुनाच्या बोटाला बर्फ लागला. त्याने सहज चाटला. मग सगळ्या कचेरीने लंडनचा बर्फ चाटला, आणि सगळी कचेरी हसली. बाळने आधी गणूशी भांडण काढले, म्हणजे अण्णांचे शास्त्र खरे ठरले. मग तो कार्ड फाडायला गेला. फाडताना बोट कडेवरून फिरले. दात, दात, दात, आणि मध्येच एक सपाट जागा. पुन्हा दात, आणि पुन्हा तशीच सपाट.

संक्रांतीच्या दुपारी तो ठाण्याला दारात उभा. डोक्यावर पागोटे तिरके, हातात कार्ड. गोदा पोळ्या लाटत होती. बाळने आजूबाजूला खांब शोधला. आमचे घर दोन खोल्यांचे, मध्ये खांब नाही.

"अक्का," तो म्हणाला, "मीठ? संक्रांतीला मीठ?"

सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द. गोदाच्या हातचे लाटणे थांबले.

"बर्फ आहे तो," ती म्हणाली.

"बर्फ खारट असतो?"

"मला काय ठाऊक? मी कुठे खाल्लाय. तू खाल्लायस का?"

"अख्ख्या कचेरीने खाल्ला," बाळ म्हणाला. "ते जाऊ दे. तू आईचं कातणं कागदावर चालवलंस? कागदावर, अक्का? बोथट झालं असेल ते."

मित्रांनो, साऱ्या जगात माझी बाजू घेणारा एकच माणूस निघाला, आणि तो हा. मला तेव्हा आपण कोणावर रागावलो आहोत हेच आठवेना.

"तू सांग, मग कशानं कापू?" गोदा म्हणाली. "साधं पत्र तू घेत नाहीस. कातणं होतं म्हणून तुला कळलं तरी, कोणाचं आलंय ते."

 बाळ पाटावर बसला. मग दोघे तासभर भांडली, मन लावून भांडली. सहा वर्षांचे जे जे साठले होते ते सगळे निघाले, मुंजीतला खांबसुद्धा. अण्णा मध्ये पडायला गेले तर दोघांनी मिळून त्यांना गप्प केले. मग गोदाने, संक्रांत असून, कणकेत मोहन घातले आणि करंज्या केल्या. मी बोथट झालेला. एकही कड धड मिटली नाही, आणि एकूण एक करंजी तुपात उकलली. बाळने सगळ्या खाल्ल्या. गोदाने एक मागितली तर म्हणाला, "या माझ्या."

पुढच्या आठवड्यात तो भुसावळला गेला. मी कोणाकडे राहायचे यावरून निघताना पुन्हा वाद झाला. या वेळी दोघेही म्हणत होती की तू ठेव. शेवटी ठरले की वर्षभर मी ठाण्याला राहावे आणि दिवाळीच्या आधी पार्सलाने भुसावळला जाऊन परत यावे. कागदोपत्री माझे नाव 'पितळी यंत्र, एक नग' असे आहे. बोलणार कोणाला? अंतर फार. पाच वर्षे झाली, एकदाही दोन्ही घरच्या करंज्या मला वेळेत साधलेल्या नाहीत. ज्या घरी मी नसतो त्या घरी सुरीने कापतात, आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी कोणीतरी कडेवरून बोट फिरवून सपाट जागा शोधते.

म्हणून पुढील अर्ज. मेहेरबान रेल्वे कंपनीचे मुख्य साहेब यांचे हुजुरास, ठाणे येथील पितळी कातणे, दात एकोणीस, याचा अर्ज ऐसा जे: भुसावळ हे स्टेशन आहे त्या जागी नाहक लांब पडले आहे. सबब ते रूळ, पाण्याची टाकी, पार्सलाची कचेरी व तीत काम करणारा एक कारकून यांसह उचलून, येत्या आश्विन वद्य द्वादशीच्या, म्हणजे वसुबारसेच्या आत, कल्याणला लागून असलेल्या शहाड व आंबिवली या गावांच्या मधल्या मोकळ्या माळावर आणून ठेवण्याचा हुकूम व्हावा.